गोधडीखालच्या बरण्या

लेस्कोवात्समध्ये सप्टेंबर आला की अंगणाअंगणात चुली पेटतात आणि भाजलेल्या लाल ढबू मिरच्यांचा वास दोरीवरच्या चादरींनाही लागतो. मिरच्या सोलायच्या, वाटायच्या, तेलात तासन्‌तास घोटायच्या, की झाला ऐवार. तो कढत असतानाच बरण्यांत भरायचा, झाकणं घट्ट लावायची आणि बरण्या गोधडीत गुंडाळून सकाळपर्यंत निवू द्यायच्या. निवता निवता झाकणं टक्‌टक्‌ करत आत बसतात. मग वर्षभर चिंता नाही.

सेन्काला मात्र होती. गेल्या वर्षी तिच्या डोक्यात एक विचार घुसला. झाकण नीट बसलं नसेल, ऐवार बिघडेल आणि तो खाऊन आपली लेक दुन्या मरेल. हे काहीतरीच आहे, हे तिलाही कळत होतं. पण कळून काय उपयोग? बघितल्याशिवाय राहवेना. आणि झाकण बसलंय का हे बघायला ती ते उघडायची! फट्‌ वाजलं की बसलेलं होतं म्हणायचं. जीव भांड्यात पडायचा. मग वाटायचं, शेजारच्या बरणीचं काय? थंडी पडायच्या आत तळघर रिकामं. उघडलेला ऐवार गल्लीने चाटूनपुसून खाल्ला, पण लेकीला सेन्काने बोटभरही दिला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी."

सासूबाईंना, म्हणजे स्तानाबाईंना, ते पटेना. "तो टापटिपीचा आजार ना? हिचे मोजे तर फ्रिजवर वाळतात! मग मलाच असेल, मी पडद्यांनाही इस्त्री करते."

"आई, तुला इस्त्री करायला आवडतं," सेन्काचा नवरा रादोश म्हणाला. "हिला बरण्या उघडायला आवडत नाही. रडत रडत उघडते ती."

स्तानाबाईंनी फ्रिजवरचे मोजे उतरवून त्यांच्या घड्या घातल्या.

यंदा बरण्या पुन्हा गोधडीत गेल्या. गोधडी उचलायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. शिवाय घरच्यांनी दिलासा द्यायचा नाही, कारण तो घटकाभर पुरतो आणि शंका आणखी लाडावते. सेन्काला या हिवाळ्यात एवढंच हवं होतं, की दुन्याच्या पावावर आपल्या हाताने ऐवार लावावा.

"रादोश, बसली असतील ना रे झाकणं?"

"कदाचित."

"कदाचित काय? तूच लावलीस ना?"

"लावली. कदाचित." त्याच्याच कपाळावर घाम आला होता.

"अरे मेल्या, हो म्हण की! बायको पांढरी पडली तुझी," स्तानाबाई कडाडल्या.

"आई, तूही हो म्हणायचं नाहीस."

"मग काय म्हणू?"

"कदाचित म्हण."

"जन्म गेला माझा ऐवार घोटण्यात, आणि आता कदाचित म्हणू?"

सेन्काचा हात गोधडीच्या टोकाशी पोचला होता. तेवढ्यात दुन्या धावत आली आणि गोधडीला पाठ लावून बसली. "आई, मी अंडी उबवतेय!"

आतून टक्‌ वाजलं.

"एक पिल्लू!"

सेन्का तिच्याशेजारी टेकली, हात मांडीखाली दाबून. भीती चढत गेली. वर जाऊन ठाण मांडून बसली. मग कितीतरी वेळाने, चुलीवरून उतरवलेल्या कढईसारखी, आपली आपणच निवत गेली. तोवर दुन्याची पाच-सहा पिल्लं झाली होती.

सकाळी बरण्या न उघडता तळघरात गेल्या.

पहिला बर्फ पडला त्या रविवारी सेन्काने एक बरणी वर आणली. बघायला नाही, खायला. फट्‌! तिने पावावर जाडसर थर लावला आणि दुन्याने गालभरून घास घेतला. शंका आलीच होती, न बोलावता जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखी. सेन्काच्या तोंडून निघून गेलं, "चांगला आहे ना गं?"

दुन्याने बाबाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं.

"कदाचित," ती म्हणाली आणि पावाचा दुसरा तुकडा पुढे केला.

हसता हसता स्तानाबाईंना ठसका लागला. "कार्टी! माझ्या ऐवाराला कदाचित म्हणते!"

सेन्का मात्र दुसऱ्या तुकड्यावर ऐवार लावण्यात गुंतली होती.