वाळल्यावरचा रंग

निजामी राजवटीतील सन १३५२ फसली, म्हणजे इसवी सन १९४३, माहे फरवर्दीच्या अकराव्या दिवशी सकाळी, परभणी येथील वकील बन्सीधरराव यांच्या घराच्या पूर्वेकडील खोलीत दोन फिक्या करड्या रंगांवरून वाद उपस्थित झाला. एका बाजूस स्वतः वकील. दुसऱ्या बाजूस पोखर्णीहून पायी येऊन गावभर भिंतींना चुना देणारा आश्रुबा.

वादाचे कारण किरकोळ नव्हते. वकिलांच्या मातोश्री चतुराबाई यांचा एक डोळा पूर्वीच गेला होता. दुसऱ्याच्या मोतीबिंदूवर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या सकाळपासून पाचव्या दिवशी डॉक्टर याच खोलीत पट्टी सोडणार होते. पांढऱ्या भिंतीवरचे ऊन त्या डोळ्याला सोसणार नाही, असे त्यांनी बजावले होते.

आश्रुबाने भिंतीवर वीतभर रुंदीचे दोन पट्टे ओढले. चुना तोच, केकताडाच्या तंतूंचा कुंचाही तोच. डाव्यात दिव्याची काजळी घोटलेली होती. ओलेपणी दोन्ही पट्टे सारखेच दिसत होते.

"डावा दे. जरा स्वच्छ वाटायलाय," वकील म्हणाले. "उजव्यात काय घातलंस?"

"राख."

"राख? आईच्या खोलीत? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"मसणातली न्हाई आणली, वकीलसाब. तुमच्याच चुलीतली हाय. फडक्यातून तीनदा गाळली. बाईंनी जलमभर हिनंच भांडी घासली की!"

"डावाच दे. हुकूम समज."

"ओल्या चुन्यावर हुकूम सोडू नका. कोर्टात तुमी तारखांवर तारखा घेता. माझ्या भिंतीला एक द्या."

वकिलांनी हसू मिशीत दाबले आणि तारीख दिली.

आश्रुबाला अक्षरओळख नव्हती. तथापि चुना ओला असेतो तो कोणत्याही रंगाविषयी मत देत नसे, आणि वाळल्यावर दिलेले मत कोणाच्याही धाकाने बदलत नसे. विद्वत्ता याहून निराळी असते, असे ज्यांचे म्हणणे असेल त्यांनी ते सिद्ध करावे.

दुसऱ्या दिवशी खोलीत ऊन आले. डावा पट्टा निळसर होऊन उजळला होता. उजवा पाट्याच्या दगडासारखा निवांत होता.

"फरक केसाएवढा," वकील अडून बसले. "आजारी म्हातारीला काय कळणार?"

"डोळे गच्च मिटा. शंभर मोजा. मग एकदम उघडा."

वकिलांनी दोन्ही पट्ट्यांसमोर तसे केले. डाव्यासमोर पापणी लवली. उजव्यासमोर लवली नाही. एकाच साक्षीवर निकाल देणे मान्य नसल्याने त्यांनी पुन्हा मोजले. पापणीने साक्ष फिरवली नाही.

"घे तुझी राख," ते म्हणाले. "आईला मातर सांगू नको."

"भिंत सांगंल तेवढंच," आश्रुबा म्हणाला आणि कुंचा बुडवला.

पाचव्या दिवशी चतुराबाईंना भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसवले. आश्रुबा ओसरीखाली कुंचा धूत होता. डॉक्टरांनी पट्टीची गाठ सोडली तसा त्याचा हात पाण्यातच थांबला. म्हातारीने डोळा किलकिला केला, मग पुरता उघडला आणि तसाच ठेवला.

"आई, रंग कसा हाय?" वकिलांनी हळूच विचारले.

"रंगातलं मला काय कळतंय, बन्सी," त्या म्हणाल्या. "हितं बघवतंय."