केशवरावांचा बेलभंडारा

सदतीस सालच्या कौन्सिलच्या निवडणुकीत केशवराव देशमुख अकोटच्या सभेत लोकशाहीवर तासभर बोलले, आणि गावी परतून महादेवाच्या पायरीवर तबक मांडून बसले. तबकात बेलाची पानं आणि भंडारा. एकेकानं यायचं, बेलभंडारा उचलायचा, 'मत केशवरावांनाच' अशी शपथ घ्यायची. चिठ्ठी पडणार होती गुप्त, म्हणून या गृहस्थांनी देवालाच पहारेकरी नेमलं.

सगळे मतदार माना खाली घालून उचलून गेले. शेवटी मनकर्णाबाई माळीण. नवऱ्यामागं मळा तिच्या नावावर झालेला, म्हणून तिलाही मत होतं. मळ्यातल्या वांग्यांना पाणी मात्र केशवरावांच्या विहिरीचं.

"उचल वो मनकर्णा."

तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मालक, सोळा वर्सं झाले, महादेवाले पानी घातल्याबिगर मी तोंडात घास घालत नाही. त्यानं मले शपथ मागतली नाही. तुमी मागून राहिले."

"पाट बंद केला तं वांगे काय महादेव पिकवन?"

"मंग तुमीच उचला अगुदर. कौन्सिलात खरं बोलीन म्हना."

केशवरावांनी तबकाकडं पाहिलं, उपरणं झटकलं. "देशमुखाचा शब्द पुरे हाय."

"मंग माळ्याचा काहून पुरत नाही?"

त्याच संध्याकाळी पाट बुजवला गेला. ती नदीवरून डोक्यावर घागरी आणू लागली.

मतदानाच्या सकाळी नेमाप्रमाणं ती तांब्या घेऊन देवळात गेली, तर पिंडीपुढं फोडलेल्या नारळांचा ढीग. शेजारचा सहदेव नारळाची वाटी हातात धरून ओशाळा उभा.

"नारळ फोडून शपथ सोडवून घेतली, काकू. समोरच्या पार्टीनं धोतरं वाटले ना."

"धोतर नवं दिसते," एवढंच ती म्हणाली. करवंट्या हातानं बाजूला सारून तिनं पिंडीला पाणी घातलं आणि मत द्यायला गेली. कोणाला दिलं, ते तिनं कोणालाच सांगितलं नाही. गावात गुप्त राहिलेलं मत तेवढं एकच.

केशवराव पडले. नदीच्या वाटेवर त्यांनी तिला अडवलं. "तूच पाडलं मले. तुह्याशिवाय शपथ कोनं टाळली?"

"कोनंच नाही," डोक्यावरची घागर सावरत ती म्हणाली. "शपथ घेतलेल्याइच्या करवंट्या देवळात पडल्या हायेत, मालक. त्याइले इचारा."

आणि ती पुढं निघाली. उन्हाच्या आत अजून चार खेपा व्हायच्या होत्या.