ओवीतला भाऊ

भाऊ माहेरी न्यायला आला, अशी कस्तुराआत्याची एक ओवी होती. ती श्रद्धानं लातूरला स्टेजवर गायली, मोबाइलवर टाकली आणि मग धास्तावून परवानगी मागायला किल्लारीला आली. मोबाइलवरची ओवी ऐकता ऐकता आत्याचा पारा चढला.

“ओवी घे, चाल घे. मीबी सासूकडूनच घेतली. पण तिच्या भावाचं नाव काढून मी माझ्या बजरंगचं घातलं. तू माझा भाऊ कशाला उचललास?”

“आत्या, ते माझे बाबा आहेत!”

“घरात. ओवीत तो माझा भाऊ हाय. तुझा सर्वेश हाय की, त्याला घाल.”

“त्यानं दोन वर्षांत साधा फोन केला नाही. कसला येतोय न्यायला!”

आत्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“मग बजरंग तरी कुठं आला होता, बाई?”