हे लिहू नका

नगरपरिषदेच्या सभेत कोण काय बोललं हे लिहून ठेवायचं काम बाईंकडे बावीस वर्षं होतं, आणि या बावीस वर्षांत तिथे एकही बिनडोक माणूस निवडून आल्याचा लेखी पुरावा नव्हता. ही सगळी बाईंची कर्तबगारी. सदस्य बोलायचे ते अर्धं वाक्य, मध्ये खोकला, मध्ये शेजारच्याला कोपरखळी, आणि शेवट कुठेच नाही. बाईंच्या इतिवृत्तात तेच 'सखोल चर्चेअंती' होऊन यायचं. कचऱ्याच्या प्रश्नावर एक सदस्य 'वास तर येणारच, आता काय करता' एवढंच म्हणून खाली बसला होता. बाईंनी लिहिलं, 'सन्माननीय सदस्यांनी दुर्गंधीच्या समस्येकडे सभेचे लक्ष वेधले.' त्याने ते वाक्य निवडणुकीच्या पत्रकावर छापलं आणि परत निवडून आला. कार्यालयात बाईंना सगळे इस्त्रीबाई म्हणत. तोंडावर म्हणत, कारण त्यांना ते आवडायचं.

वहीच्या मागच्या पानांवर मात्र बाईंची खासगी मोजदाद चाले. कोण कितीदा 'बघू' म्हणालं, कोण कितीदा 'माझं चुकलं' म्हणालं. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. विद्यमान अध्यक्षांच्या खात्यावर या मुदतीत 'बघू' एकशे बारा, 'माझं चुकलं' शून्य, आणि 'हे लिहू नका' एकतीस. हे शेवटचं वाक्य आलं की अध्यक्ष दोन बोटं वर करत आणि बाई पेन टेबलावर ठेवत. असा नियम कुठेही नव्हता. कुठल्याशा जुन्या अध्यक्षाने एकदा बोटं वर केली, बाईंनी पेन ठेवलं, आणि तीच रीत पडून गेली.

बत्तिसावी रेघ पादचारी पुलावरून पडली.

बाजारपेठ आणि इस्पितळ यांच्यामध्ये कालवा होता आणि त्याच्यावर हा लोखंडी पूल. नव्या इंजिनिअर बाईंना रुजू होऊन चार महिनेही झाले नव्हते. त्या सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की पुलाखालच्या दोन तुळया गंजून पोखरल्यात, पूल आजच बंद करायला हवा. अध्यक्ष हसले. आधीच्या साहेबांनी नऊ वर्षांत असं काही सांगितलं नाही, म्हणाले. त्यावर इंजिनिअर बाईंनी शांतपणे सांगितलं की आधीचे साहेब नऊ वर्षांत पुलाखाली उतरलेलेच नाहीत. सभागृहात कोणीतरी खुसखुसलं. अध्यक्षांना हसणं आवडायचं, पण स्वतःचं.

"हे बघा," ते म्हणाले, "पुलाला नुकताच निळा रंग दिलाय. महिनाअखेरच्या रविवारी माझी प्रचारफेरी त्याच्यावरूनच जाणार आहे. आता पूल बंद केला तर लोक विचारतील, पाच वर्षं काय केलंत. पूल चालू राहील. काही झालं तर जबाबदारी माझी." मग दोन बोटं वर झाली. "हे लिहू नका."

बाईंनी सवयीने पेन ठेवलं. समोर इंजिनिअर बाई अजून उभ्याच होत्या, हातात पुलाचे फोटो, आणि ते कोणाला द्यावेत हे त्यांना कळत नव्हतं. अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला.

संध्याकाळी नणंद चहाला आली. ती इस्पितळात परिचारिका, त्याच पुलावरून रोज दोनदा जाणारी. येत्या फेरीची तयारी तिच्याच तोंडून कळली: इस्पितळाच्या कर्मचाऱ्यांनी पुलावर दुतर्फा उभं राहायचं, साठ-सत्तर जणांनी, वर फेरीतले दोनशे.

"तुम्ही जाणार नाही, वन्सं," बाई म्हणाल्या.

"का बरं? आमच्या मेट्रन मॅडमनी हजेरी सक्तीची केलीय. न जाऊन सांगू काय?"

बाईंना कारण सांगता येईना. सांगायचं तर सभेतलं सांगावं लागणार, आणि सभेत तर ते बोललंच गेलं नव्हतं. म्हणजे बोललं गेलं होतं, पण त्यांनी पेन ठेवलं होतं. कप विसळताना त्यांना स्वतःचा जमाखर्च पहिल्यांदा स्वच्छ दिसला. बत्तीस वेळा त्या माणसाने हात वर करायचा आणि बत्तीस वेळा त्यांनी त्याला सोडवायचं. लोक दर वेळी मत देत आले ते बाईंच्या वाक्यांना. माणूस तर त्यांना कधी दिसलाच नव्हता.

"काय झालंय, वहिनी?" नणंदेने विचारलं.

"काही नाही. एक लिहायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. नियम त्यांना पाठ होता, तरी बोट ठेवून वाचला. सभेत बोललेलं सर्व नोंदवावं. काही वगळायचं असल्यास तसा ठराव व्हावा. बोटांचा उल्लेख नव्हता. मग त्या लिहायला बसल्या. इस्त्री बाजूला. तुळया, फोटो, निळा रंग, प्रचारफेरी, 'काही झालं तर जबाबदारी माझी', सगळं जसंच्या तसं. शेवटी एक ओळ राहिली. पेन क्षणभर थांबलं आणि मग तीही उतरली: 'मा. अध्यक्ष म्हणाले, "हे लिहू नका."'

दुपारी अध्यक्षांचा निरोप आला की पुलाच्या विषयात 'इंजिनिअर यांच्याशी विचारविनिमय करून' असं काहीतरी टाकावं, बाईंना कळतंच. बाईंनी निरोप घेऊन आलेल्या शिपायाला पाणी दिलं आणि सांगितलं की इतिवृत्त नियमाप्रमाणे लिहून झालंय. शिपायाने वर जाऊन 'झालंय' एवढंच सांगितलं असणार, कारण वरून पुन्हा काही आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत इंजिनिअर बाई टेबलाशी आल्या. त्यांना आपल्या अहवालावर आवक क्रमांकच मिळत नव्हता. ज्याच्याकडे जावं तो उद्या या म्हणत होता.

"माझं बोलणं असेल ना त्यात?" त्यांनी विचारलं.

"तुमचंही आहे आणि त्यांचंही," बाई म्हणाल्या. "पण गुरुवारच्या सभेत कायम झाल्याशिवाय त्याची नक्कल देता येत नाही. तोवर तुम्ही पुलाशी उभं राहून माणसं मोजा. तुमच्या अहवालाला कामी येईल, आणि इंजिनिअर उभी आहे म्हटल्यावर गर्दी जरा बिचकते."

नियमाप्रमाणे सभेच्या तीन दिवस आधी इतिवृत्ताच्या प्रती सगळ्या सदस्यांकडे गेल्या. बाईंनी प्रत्येकाची पोच घेतली, अध्यक्षांची सगळ्यांत आधी. त्यांनी काहीही लपवलं नाही, पान मागे-पुढे केलं नाही. तीन दिवस त्या फोनजवळून हलल्या नाहीत. फोन कुणाचाच आला नाही. बावीस वर्षं ज्या कागदात आपण शहाणेच दिसत आलो, तो उघडून बघायची गरज कुणाला वाटेल?

गुरुवारी विषय क्रमांक एक पुकारला गेला: मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. बाई उठल्या. एरवी त्या इथे उठत नसत.

"वाचून दाखवू का, साहेब?"

अध्यक्ष रविवारच्या फेरीचे फलक बघत होते. वाचलं असं समजा, म्हणाले.

"पुलाचा विषय आहे त्यात. तेवढा तरी वाचते."

"बाई, तुमचं लिहिणं आम्हाला माहीत नाही का?" ते कौतुकाने म्हणाले. "वाचलं असं समजा. कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. हात वर झाले, एकमताने. अध्यक्षांनी शेवटच्या पानावर सही केली, फलकावरची नजर न काढता. पंधरा मिनिटांत इंजिनिअर बाईंनी नकलेसाठी अर्ज केला, वीस मिनिटांत नक्कल त्यांच्या हातात होती, आणि तासाभरात ती त्यांच्या अहवालाला जोडून वरिष्ठ कार्यालयात आणि इस्पितळाच्या मॅडमकडे पोचली.

शुक्रवारी सकाळी अध्यक्ष स्वतः बाईंच्या टेबलाशी आले. पाच वर्षांत पहिल्यांदा. हातात ते पान होतं आणि चेहरा पानासारखाच पांढरा.

"हे काय लिहिलंत?"

"तुम्ही बोललात ते, साहेब."

"मी लिहू नका म्हटलं होतं."

"तेही लिहिलंय. खालची ओळ."

अध्यक्ष खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणून बाईंच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिल्याची आठवण करून दिली. तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत माणूस कमी आहे, असंही म्हणाले. बाईंनी दोन्ही हात नियमांच्या पुस्तकावर ठेवले.

"बदली तुमच्या हातात आहे. तळघरात बसेन मी," त्या म्हणाल्या. "पण कायम झालेलं इतिवृत्त माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. दुरुस्ती करायची तर सभेतच करावी लागेल. आधी मी हे पान मोठ्याने वाचणार, मग तुम्ही यातलं काय खोटं आहे ते सांगणार, मग मतदान. सभा बोलवू?"

अध्यक्षांनी पान पुन्हा वाचलं. आता पहिल्यांदाच ते नीट वाचत होते, ओठ हलवत. 'जबाबदारी माझी' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. रविवारी त्या पुलावर साठ-सत्तर परिचारिका आणि कर्मचारी, दोनशे कार्यकर्ते आणि सगळ्यांत पुढे ते स्वतः असणार होते, आणि जबाबदारी सहीशिक्क्यानिशी कोणाची ते त्यांच्या हातातच होतं.

पूल दुपारी दोन वाजता बंद झाला. साडेचारला अध्यक्षांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं की नागरिकांच्या सुरक्षेपुढे आपण निवडणुकीचीही पर्वा करत नाही.

सोमवारी बाईंची तळघरात बदली झाली. पण बदलीच्या कागदावर तारीख महिनाभरानंतरची होती, कारण नवा लेखनिक अजून मिळाला नव्हता. नणंद आता इस्पितळाला अर्धा तास वळसा घालून जायची आणि रोज वहिनीच्या नावाने कुरकुरायची. कुरकुर ऐकताना बाई तिला दोन बिस्किटं जास्त देत.

त्या महिनाभरात दोन सभा होत्या. पहिल्या सभेला अध्यक्षांनी सुरुवातीलाच पुलाचा विषय स्वतः काढला, आपल्या दूरदृष्टीवर सात मिनिटं बोलले, आणि मध्येच सवयीने दोन बोटं वर केली. मग त्यांचं लक्ष बाईंकडे गेलं. बाईंचं पेन कागदावरच होतं, टोक टेकलेलं, वाट बघत. बोटं हळूच खाली आली.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूचा एक सदस्य उठला आणि म्हणाला की विषय क्रमांक एक, म्हणजे मागच्या सभेचं इतिवृत्त, आज वाचूनच दाखवा. बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.