गवयाच्या बायकोचं पद

विश्रामरावांच्या वन्स मोअरपायी कुमुद आतापर्यंत त्रेचाळीस वेळा मेली होती, आणि आता तिला मरणाचा अगदी वीट आला होता.

त्याआधी, अगदी पहिल्यांदा, मेली ती तापाने. तेव्हा तिचा नवरा विश्रामराव, संगीत नाटकातला नावाजलेला गवई, दुपारच्या प्रयोगात रंगमंचाखालच्या जिन्याने गात गात पाताळात उतरला. नाटकाची गोष्टच तशी होती, ग्रीकांची, जुनी. गवयाची बायको मरते, तो गाऊन तिला सोडवतो, पण वर पोचेपर्यंत त्याने मागे वळून बघायचं नाही. आपल्याकडे मसणातून परततानाही कुणी मागे बघत नाही, तेव्हा अट काही विश्रामरावांना नवी नव्हती. पाताळाच्या दारावरच्या डोअरकीपरने गाणं ऐकून कुमुदचं तिकीट परत दिलं. साठ पायऱ्या. एकोणसाठाव्या पायरीवर तिला वाटलं, घरी गेल्याबरोबर आधी डोक्यावरून न्हायचं.

आणि मेल्याने वळून पाहिलं!

कुमुद खाली गेली, वर विश्रामरावांनी विरहाचं पद म्हटलं. प्रेक्षक ढसाढसा रडले आणि ओरडले, "वन्स मोअर!" वन्स मोअर नाकारील तो गवई कसला? पण पद पुन्हा घ्यायचं तर बायको पुन्हा गमवायला हवी. ते पुन्हा खाली उतरले.

चार खेपा कुमुद मनाशी म्हणाली, माया आहे हो, राहवत नाही बिचाऱ्याला. पाचव्या खेपेला तिने त्यांचा हात पाहिला. मांडीवर बोटं मात्रा मोजत होती. ते बरोब्बर समेवर वळत होते. मायेने वळणाऱ्या माणसाचा ताल इतका नेमका कसा राहील?

दर खेपेला तिचं काहीतरी खालीच राहू लागलं. आधी बांगड्या, मग सावली, मग पायांचं वजन.

"बाई, तिकीट पार झिजलंय," चव्वेचाळिसाव्या खेपेला डोअरकीपर म्हणाला. "आता ही शेवटची."

जिन्यावर ती म्हणाली, "अहो, आज तेवढं वळू नका."

"मग पद कुठे घ्यायचं?" ते समोर बघतच म्हणाले. "लोक पदासाठी येतात, कुमुद."

"आणि मी?"

"तू आहेसच की पदात."

असा संताप आला तिला! लग्नाआधी ती गात असे. लग्नानंतर, एका घरात एक गवई पुरे, असं त्यांनीच ठरवलं होतं. तिने तिथेच, पायरीवर, सूर लावला.

"तापानं मेले मी एकदाच गं बाई,
बाकीची मरणं त्याच्या तानेपायी."

वरची पेटी तिच्या सुरात मिसळली. जिना अरुंद होता, तरी दुसऱ्या ओळीला ती त्यांच्या पुढे निघाली होती. आता गाणारी ती, आणि मागून येणारे ते. अटही तिच्याकडे आली, कुणी न सांगता. पावलापावलाला तिचे पाय जड होत गेले, आणि मागचे पाय वाजेनासे झाले.

"कुमुद," मागून आवाज आला, पहिल्यांदाच बेसूर. "मी आहे ना गं मागे?"

तिचं एक पाऊल रंगमंचाच्या फळीवर पडलं, दुसरं अजून जिन्यावरच होतं. फळी करकरली.

"कुमुद, काहीतरी बोल ना गं."

ती गातच राहिली. फक्त एकच बघायचं होतं तिला, ते रडतायत की मात्रा मोजतायत. ती वळली.