बर्फासारखं पाणी

नवरा गेल्यावर बर्निसने बोट विकली होती. उन्हाळ्यात सामन मासे मिशिगन सरोवराच्या खोल, गार पाण्यात उतरतात, तेव्हा यंदा बोटीवाचून आपल्या हाती काही लागत नाही, असं तिने धरूनच ठेवलं होतं. त्या सकाळी ती धक्क्यावर नुसती बसली होती, तोच पोहायला उतरलेली तिची नणंद आर्लीन किंचाळत बाहेर आली.

"वहिनी, बर्फ आहे गं नुसता! कालपर्यंत कोमट होतं."

"खरंच? पाय बधिर झाले?"

"हसतेस काय? टॉवेल दे!"

"तूच घे. मी गळ आणते! वाऱ्याने वरचं कोमट पाणी दूर सरोवरात लोटलंय, खालचं गार पाणी मासे घेऊन काठाशी आलंय!"

दुपारच्या आत धक्क्यावर हातभर सामन तडफडत होता.

"आता शेगडी पेटव," आर्लीन कुडकुडत म्हणाली, "आधी मला शेकू दे, मग त्याला भाज."