दाढेमागचा तुकडा

मी हिरड्यांचा डॉक्टर, आणि विद्यार्थ्यांवर खेकसतो हे जगजाहीर आहे. "अरे गाढवांनो, टाळूचं मांस मऊ, दाढेमागचं घट्ट आणि चिवट! ते समोरच्या हिरडीला ठिगळ म्हणून लावलंत तर पांढरट गाठ होऊन बसेल!" दर वर्षी घसा ताणून हेच शिकवतो. आणि माझ्या सख्ख्या ताईची समोरची हिरडी सरकून दाताचं मूळ उघडं पडलं, तेव्हा मी तिला दाढेमागचाच तुकडा लावला.

टाळूतून तुकडा काढला की ती जखम आठवडाभर धड जेवू देत नाही आणि ताई भित्री, हे झालं सांगायचं कारण. खरं म्हणजे दाढेमागचा तुकडा पटकन निघतो, आणि मला त्या दिवशी घाई होती.

दोन महिन्यांत हिरडी फुगून पांढरी पडली. "अरे, हे असंच असतं का?" ताईने विचारलं. मला तेव्हाच कळलं होतं. तरी उलट तिच्यावरच उखडलो, "दात घासतेस की भांडी? हे तुझ्या ब्रशने झालंय!" एवढं बोलून मी मोकळा झालो.

आज ती गाठ तासायची होती. खुर्चीभोवती सहा विद्यार्थी उभे. एकीने वाकून पाहिलं. "सर, तुकडा कुठून घेतला होता?"

मी ट्रेमधली हत्यारं उगाच नीट लावू लागलो. ताईच बोलली, सवयीने तोंडावर हात धरून. "सरांना काही विचारू नका गं. चूक माझी. आता लहान मुलांचा ब्रश आणलाय, अगदी हलक्या हाताने घासते. आठ महिने पुढच्या दाताने घाससुद्धा तोडला नाही. तरी मेलं उतरतच नाही."

लाजेने माझे कान तापले. असा कसा मी भाऊ!

"दाढेमागून घेतला," मी म्हणालो. "तुम्हाला नको म्हणून शिकवतो, तेच केलं. घाईत केलं आणि खापर हिच्यावर फोडलं. हिच्या ब्रशचा काही संबंध नाही."

ताईने तोंडावरचा हात खाली घेतला. सगळ्यांसमोर तिने माझे कान उपटावेत, असं मला फार वाटलं.

"लेकीच्या लग्नात एकाही फोटोत हसले नाही रे मी," एवढंच ती म्हणाली. मग मान मागे टेकवून तिने माझ्यासमोर तोंड उघडलं.

मी मास्क वर ओढला. पण डोळे कुठे लपवणार?